देवनागरी नावांचा पृथ्वीगोल: शाळेत दीड वर्ष वापरल्यानंतर

बीड जिल्ह्याच्या बालाघाट डोंगरपट्ट्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिकवते. गावात शाळा सातवीपर्यंत आहे; आठवीसाठी मुलींना सहा किलोमीटरवरच्या गावी जावे लागते. दीड वर्षापूर्वी मी स्वतःच्या पैशांनी एक पृथ्वीगोल विकत घेतला. शिक्षण हा आपला हक्क आहे आणि जगात तो सगळ्या मुलींच्या हाती सारखा पडत नाही, ही गोष्ट पाचवी ते सातवीच्या मुलींना प्रवचन न देता कळावी, हा त्यामागचा हेतू होता. या कामासाठी अशी वस्तू घ्यावी की नाही, घेतली तर काय पाहून घ्यावी आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे माझ्यासारख्या शिक्षिकांना आणि घरी मुली असलेल्या पालकांना उपयोगी पडेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गोल १२ इंच व्यासाचा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील शालेय साहित्याच्या एका जुन्या दुकानातून तो १,४५० रुपयांना घेतला. दुकानदारांनी एकाच नमुन्याचे तीन गोल खोक्यांतून काढून टेबलावर फिरवून दाखवले आणि ज्याचा आस डगमगत नव्हता तो निवडून दिला. ही काळजी मला फार आवडली. आठ इंचांचा गोल निम्म्या किमतीत मिळत होता, पण त्यावर भूतान, रवांडा, बुरुंडी यांच्या जागी फक्त आकडे छापलेले होते आणि देशांची नावे खालच्या यादीत शोधावी लागत होती. ज्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा पृथ्वीगोल हातात घेतला आहे, तिला आकडा दाखवून देश सांगणे मला पटले नाही. शाळेसाठी घेणार असाल तर १२ इंचांहून लहान घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे सर्व नावे देवनागरीत आहेत. इंग्रजी नावांचा एक गोल शाळेच्या कपाटात आधीपासून पडून होता. मुली तो फिरवत, रंग पाहत आणि ठेवून देत. नवा गोल आला त्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलींनी त्यावरची नावे मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि ‘मादागास्कर’ हे नाव त्यांना इतके आवडले की त्या आठवड्यात वर्गातल्या एकीच्या रडक्या लहान भावाला तेच नाव पडले. वाचता येणे आणि जग ओळखीचे होणे यांत किती थोडे अंतर असते, हे मी त्या दिवशी पाहिले.

दुसरी जमेची बाजू आकारमानाची आहे. भिंतीवरच्या काही नकाशांत आणि मोबाइलवरच्या नकाशात ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. वास्तविक आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट मोठी आहे. गोलावर ही फसगत होत नाही. युनेस्कोने २०२३ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार जगात सुमारे २५ कोटी मुले-मुली शाळेबाहेर आहेत, त्यांत १२ कोटी २० लाख मुली आहेत आणि एकूण शाळाबाह्य मुलांपैकी जवळजवळ १० कोटी मुले सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत. हा भूभाग मुलीच्या दोन्ही तळव्यांत जेमतेम मावतो हे तिने स्वतः हात ठेवून पाहिले, की आकड्याला जागा मिळते. याच आकड्यांवरून मी मुलींना हेही दाखवले की शाळाबाहेरच्या मुलांमध्ये मुलगेही निम्म्याहून थोडे अधिक आहेत. मुलींच्या वाट्याचा अन्याय समजावण्यासाठी मुलांचे दुःख झाकायची गरज नसते. काही देशांत मात्र दार फक्त मुलींसाठीच लावून घेतलेले आहे, आणि तो फरक त्यांना कळायला हवा.

आता वापराविषयी. गोलासोबत आलेली पुस्तिका जवळजवळ निरुपयोगी आहे. राजधानी, क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि ध्वज यांपलीकडे तिच्यात काही नाही आणि मराठी हिंदीवरून उतरवलेले दिसते. म्हणून आम्ही आमची पद्धत तयार केली. मुलींनी घरून टिकल्यांची पाकिटे आणली आणि ज्या देशाची गोष्ट सांगायची, त्या देशावर एक टिकली लावायची असे ठरले. दर शनिवारी एक देश, एवढाच नेम होता. टिकली गोलाच्या गुळगुळीत थरावर छान बसते आणि दोन-तीन दिवसांत काढली तर खूण राहत नाही. आठवडाभर राहिली तर डिंकाची कड उरते, ती खोबरेल तेलाच्या बोळ्याने निघते. स्केचपेन मात्र चुकूनही वापरू नये. आमच्या प्रशांत महासागरात एक निळी रेघ कायमची राहिली आहे.

पहिली टिकली अफगाणिस्तानच्या राजधानीवर, काबूलवर लागली. १२ इंचांच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२० किलोमीटर, त्यामुळे बीड ते काबूल हे अंतर साडेचार सेंटिमीटरांच्या आत येते. सहावीतल्या मुलीने बीडवर बोट ठेवले आणि पुढे बोटे लावत गेली, तर तिसऱ्या बोटापाशी काबूल आले. इतके जवळ असेल असे कोणाला वाटले नव्हते. मग मी सांगितले की ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे तालिबानची सत्ता आली, सप्टेंबरमध्ये सहावीच्या पुढच्या शाळा फक्त मुलांसाठी उघडल्या आणि मुलींना बोलावलेच नाही. २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्याही शाळा उघडणार असे जाहीर झाले होते. मुली गणवेश घालून, दप्तरे घेऊन शाळेत गेल्या, आणि काही तासांतच त्यांना घरी परत पाठवण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विद्यापीठांची दारेही त्यांना बंद झाली. मुलींना सहावीनंतर शिकण्याची बंदी असलेला तो आज जगातला एकमेव देश आहे, आणि २०२१ नंतर किमान १४ लाख मुलींचे माध्यमिक शिक्षण अशा रीतीने थांबवले गेल्याचे युनेस्कोने २०२४ मध्ये म्हटले होते.

आमच्याकडे पाचवी, सहावी आणि सातवी एकाच मोठ्या खोलीत बसतात. सातवीच्या ओळीतल्या एका मुलीने मागे-पुढे पाहिले आणि विचारले, “मॅडम, मंग तिथं आमची वळच नसती?” तिच्या ओळीत अकरा मुली आहेत. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. नंतर एकीने गोल हळूच फिरवून विचारले की आत्ता तिथे किती वाजले असतील. आपला परिपाठ साडेदहाला सुरू होतो तेव्हा काबूलमध्ये साडेनऊ वाजलेले असतात, हे गणित आम्ही फळ्यावर केले. त्या तासाला ‘शिक्षणाचे महत्त्व’ हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

पण याच तासाला माझ्या हातून एक चूक झाली आणि ती इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण पृथ्वीगोल घेऊन हा विषय शिकवणाऱ्या कोणाच्याही हातून ती होऊ शकते. मी म्हणाले, “बघा, तुम्ही किती नशीबवान आहात.” त्यावर ऊसतोड कामगारांच्या घरातली एक मुलगी अगदी साधेपणाने म्हणाली, “मॅडम, आमी कारखान्यावर जातो तव्हा आमची बी शाळा बंदच ऱ्हाती ना?” ती खरे बोलत होती. दिवाळीच्या सुमारास मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी येते, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरला जातो आणि मार्च-एप्रिलपर्यंत अख्खे कुटुंब उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहते. धाकट्या भावंडांना सांभाळायला जी मुलगी सोबत जाते, तिचे शाळेतले निम्मे वर्ष जाते. तिला नशीबवान म्हणण्याचा मला काय अधिकार होता? आणि जिची शाळा सुरळीत चालू आहे तिलाही तसे सांगणे चूकच आहे, कारण नशिबाने मिळालेली वस्तू कोणी काढून घेतली तर माणूस तक्रार करत नाही. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळणे हा या देशात १ एप्रिल २०१० पासून कायद्याने अमलात आलेला हक्क आहे. त्या दिवसानंतर मी ‘नशीब’ हा शब्द त्या तासातून कायमचा काढून टाकला. पुढच्या शनिवारी टिकली बीडवर लागली.

इथे पृथ्वीगोलाची खरी मर्यादा दिसते. चार मिलिमीटरची टिकली म्हणजे गोलावर सुमारे १६५ किलोमीटर. आमच्या टिकलीखाली जवळजवळ संपूर्ण बीड जिल्हा झाकला गेला आणि शेजारच्या जिल्ह्यांचाही भाग गेला. बीडहून कोल्हापूरच्या साखरपट्ट्यापर्यंतचे अंतर पाऊण सेंटिमीटरच्या आत आहे. दरवर्षी सहा महिने शाळा तोडणारे अंतर गोलावर एका बोटाच्या नखाएवढे आहे. आठवीच्या शाळेचे सहा किलोमीटर तर दोन केसांच्या जाडीएवढेसुद्धा भरत नाहीत. सातवी झाल्यावर मुलगी थांबते ती बहुतेक वेळा याच दोन केसांएवढ्या अंतरात. ओढ्याला पाणी आलेले असते, गाडी चुकते, घरी कोणाला तरी वाटते की आता मोठी झाली. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत आहे, आणि जुलै २०२४ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील मुलींना महाराष्ट्रात व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण हे सर्व त्या सहा किलोमीटरच्या पलीकडे आहे. म्हणून गोलाच्या शेजारी गावाचा आणि तालुक्याचा नकाशा लावल्याशिवाय हा विषय शिकवू नये. आम्ही गावाचा नकाशा खळ्यावर राखेने काढला आणि कोणत्या घरातून कोणती मुलगी कुठपर्यंत शिकली हे मुलींनी स्वतः विचारून त्यावर मांडले. माझ्या मते दीड वर्षातला तो सर्वांत मोलाचा दिवस होता, आणि त्याला एक पैसाही खर्च आला नाही.

छपाईच्या दोषांकडे वळते. दोन अर्धगोल विषुववृत्तावर जोडलेले आहेत आणि आमच्या गोलात हा जोड दोन मिलिमीटर सरकलेला आहे. दोन मिलिमीटर म्हणजे ऐंशीहून अधिक किलोमीटर. नेमके विषुववृत्तावरचे केनिया, युगांडा, काँगो, गॅबन हे देश त्यात सापडतात. नैरोबीचे नाव अर्धे कापले गेले आहे. ज्या खंडाविषयी सर्वाधिक बोलायचे असते तिथेच छपाईने निष्काळजीपणा करावा, याचे मला वाईट वाटते. केनियात २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि पुढच्याच वर्षी किमानी मारुगे नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ गणवेश घालून पहिलीत जाऊन बसले, ही गोष्ट सांगताना मुलींना देशाचा आकार नीट दिसायला हवा होता. त्या गोष्टीनंतर दोघी मुलींनी घरी जाऊन आजीला सही करायला शिकवायला घेतले, म्हणजे गोष्टीने तिचे काम केले. छपाईने केले नाही.

दुसरा दोष रंगांचा. नायजर आणि नायजेरिया हे शेजारी देश जवळजवळ एकाच फिकट गुलाबी रंगात छापले आहेत आणि नावेही सारखीच दिसतात, त्यामुळे मुली हमखास गोंधळतात. नायजेरियाच्या ईशान्येकडील चिबोक येथील शाळेतून १४ एप्रिल २०१४ च्या रात्री २७६ मुलींना पळवून नेले होते, ही घटना मी फक्त सातवीच्या मुलींना सांगितली. पाचवीच्या मुलींना शाळेविषयी भीती बसेल असे काही सांगू नये, असे मला वाटते. मोठ्या मुलींपासून मात्र ते लपवू नये. मलालाची गोष्ट मुलींना आधीपासून पाठ आहे. त्यांना नवे वाटले ते एवढेच की २०१४ चे शांततेचे नोबेल तिच्यासोबत आपल्या देशातील कैलाश सत्यार्थी यांनाही मिळाले होते.

गोल किती ताजा आहे हे तपासायची सोपी खूण सांगते. २०११ मध्ये स्वतंत्र झालेला दक्षिण सुदान आमच्या गोलावर आहे, पण २०१८ मध्ये नाव बदललेला एस्वातिनी अजून स्वाझीलँड म्हणूनच छापलेला आहे. म्हणजे छपाईचा साचा त्या दरम्यानचा असावा. खरेदी करताना ही दोन नावे पाहावीत.

शेजारचे देश शिकवताना गोलाचा सर्वांत चांगला उपयोग झाला, कारण तिथे दुःखाखेरीज मार्गही दाखवता आले. श्रीलंकेने १९४५ पासून बालवर्ग ते विद्यापीठ असे मोफत शिक्षण दिले. बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळेच्या मुलींना देशभर विद्यावेतन सुरू केले आणि त्यासाठी तीन अटी घातल्या: हजेरी ७५ टक्के, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि शालान्त परीक्षेपर्यंत लग्न न करणे. तिसरी अट ऐकताच सातवीच्या ओळीत कुजबुज झाली. आमच्या भागात कारखान्यावर जाण्याआधी मुलीचे लग्न उरकण्याची घाई होते. मागे एकटी ठेवायची कशी ही आईबापांची खरी चिंता असते आणि जोडीला कोयता मिळतो हा हिशेबही असतो. एका देशाने या घाईवर पैशाने आणि शाळेने उत्तर शोधायचा प्रयत्न केला, हे आमच्या मुलींना कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर कळले. एकीने विचारले की तो देश आपल्यापेक्षा श्रीमंत आहे का. तेव्हा नव्हता, असे मी सांगितले. आईबाप कारखान्यावर गेले की गावात मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाची सोय करणारे हंगामी वसतिगृह ज्या वर्षी वेळेवर सुरू होते त्या वर्षी आजीजवळ राहून शिकणाऱ्या मुलींची हजेरी टिकते, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून बांगलादेशाची टिकली आणि बीडची टिकली यांच्यामध्ये मुलींनी एक लाल दोरा लावला तेव्हा मी तो काढला नाही.

आपल्या इतिहासासाठीही गोल फिरवावा लागला. सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली, हे मुलींना ठाऊक असते. त्या वेळी आपले गाव निजामाच्या राज्यात होते आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे पुढची बरोबर शंभर वर्षे तसेच राहिले, हे ठाऊक नसते. तिथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ मध्ये मिळाले. पुणे आणि बीड यांच्यामध्ये गोलावर अर्धा सेंटिमीटर अंतर आहे. माझी आजी त्या अर्ध्या सेंटिमीटरच्या अलीकडे जन्मली आणि पत्र आले की ते घेऊन तलाठ्याच्या ओट्यावर जाऊन बसायची.

टिकाऊपणा समाधानकारक आहे. गोल दोनदा टेबलावरून पडला, चेपला नाही. खालची बैठक हलकी असल्याने जोरात फिरवला की तो कलंडतो. आम्ही बैठकीच्या पोकळीत वाळू भरून तळाला पुठ्ठा चिकटवला आणि प्रश्न मिटला. धातूच्या कमानीचा वरचा स्क्रू सहा महिन्यांनी सैल झाला, तो सायकलच्या दुकानात बसवून मिळाला. जाड काळ्या प्लास्टिकच्या कमानीचाही एक प्रकार दुकानात होता, तो घेऊ नये. तिच्यावर अक्षांशांचे आकडे नसतात.

पाचांपैकी चार गुण मी या वस्तूला देईन. एक गुण जोड सरकल्याचा आणि रंगांचा कापला आहे. एकट्या घरात एका मुलीसाठी घ्यायचा असेल तर किंमत जास्त वाटेल, पण दोन-तीन घरांनी मिळून घेतला आणि महिन्याला घर बदलत ठेवला तर तो अधिक फिरेल. शाळेत तो कपाटात ठेवू नये. आमचा गोल या हंगामात संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत असतो, कारण आईवडील कारखान्यावर गेलेल्या मुली तिथे जेवण झाल्यावर त्यांचा फड कुठे आहे ते शोधतात. काबूलची, नैरोबीची, ढाक्याची टिकली दर शनिवारी बदलते. बीडवरची मात्र त्यांनी मला अजून काढू दिलेली नाही. तिच्याभोवती डिंकाची काळी कड जमली आहे, आणि ती आता खोबरेल तेलाने निघेल असे वाटत नाही.